पोर्ट्रेटसाठी प्राइम लेन्स निवडताना : आधी अंतर, मग अ‍ॅपर्चर

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या १८-५५ मिमीच्या किट लेन्सवर काही काळ हात बसला आणि माणसांचे चेहरे टिपण्याची गोडी लागली, की प्राइम लेन्स, म्हणजे झूम न होणारी लेन्स, हवीशी वाटू लागते. मग पहिला प्रश्न विचारला जातो तो बहुधा अ‍ॅपर्चरचा : एफ/१.८ पुरेल की एफ/१.४ घ्यावी? (अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र; एफचा आकडा जितका लहान, तितके ते मोठे.) माझ्या मते हा प्रश्न बराच नंतरचा आहे. ज्याचे छायाचित्र काढायचे त्या माणसापासून आपण किती अंतरावर उभे राहणार, आणि तेवढी जागा आपल्याला प्रत्यक्षात मिळणार का, हे आधी ठरवावे लागते. प्राइम लेन्सची फोकल लेंग्थ (लेन्सच्या नावातला मिमीचा आकडा; तो जितका मोठा, तितकी चौकट अरुंद) एकच असल्यामुळे चौकट लहानमोठी करायची तर मागे-पुढे होणे एवढाच उपाय उरतो, आणि मागे भिंत असेल तर तोही उरत नाही. बडोद्यात हा प्रश्न फार ठळकपणे समोर येतो. एकीकडे दांडिया बाजार, रावपुरा भागांतल्या जुन्या घरांच्या आटोपशीर खोल्या आहेत, तर दुसरीकडे कमाटीबागेची मोकळी हिरवळ आहे. हळदीकुंकू, मुंज, डोहाळजेवण, गौरी-गणपती असे घरातले प्रसंग टिपणाऱ्याची लेन्स आणि रविवारी सकाळी बागेत ओळखीच्यांची छायाचित्रे काढणाऱ्याची लेन्स एकच असेल असे नाही.

चेहरा कसा दिसेल हे अंतर ठरवते

‘८५ मिमीची लेन्स चेहरा सुंदर दाखवते’ हे विधान सगळीकडे ऐकू येते, पण ते अर्धेच खरे आहे. नाक, गाल आणि कान यांचे परस्परप्रमाण चित्रात कसे उतरेल, हे केवळ कॅमेरा आणि चेहरा यांच्यातील अंतरावर अवलंबून असते. फोकल लेंग्थचा त्याच्याशी थेट संबंध नाही. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंतचे अंतर सुमारे १२ सेंमी धरू. कॅमेरा नाकापासून ५० सेंमीवर असेल, तर कान ६२ सेंमीवर असतो, म्हणजे नाक कानाच्या तुलनेत सुमारे २४ टक्के मोठे उमटते. मोबाइलवर हात लांब करून काढलेल्या सेल्फीत नाक फुगलेले आणि कान मागे गेलेले दिसतात ते यामुळेच. हाच फरक ८० सेंमीवर १५ टक्के, दीड मीटरवर ८ टक्के, दोन मीटरवर ६ टक्के आणि तीन मीटरवर केवळ ४ टक्के राहतो. दीड-दोन मीटरच्या पुढे चेहऱ्याच्या ठेवणीत पडणारा फरक डोळ्यांना फारसा जाणवत नाही, आणि त्याहून जवळ मात्र प्रत्येक वीतभर अंतर जाणवते, हे या आकड्यांवरून लक्षात येईल.

लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातील महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात राजा रविवर्मा यांनी काढलेली गायकवाड घराण्यातील व्यक्तिचित्रे आहेत. ती या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत : समोर काही पावलांवर बसलेल्या माणसाकडे आपण अदबीने पाहत आहोत, तसे ते चेहरे दिसतात. समोरच्याशी बोलताना आपण साधारण इतक्याच अंतरावर असतो, त्यामुळे दीड ते तीन मीटरवरून टिपलेला चेहरा आपल्याला ‘खरा’ वाटतो.

तेव्हा ८५ मिमीचे कौतुक होते त्याचे कारण तिच्या काचांत शोधू नये. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या मोठ्या पट्टीच्या) कॅमेऱ्यावर खांद्यापर्यंतची किंवा कंबरेपर्यंतची चौकट भरण्यासाठी ही लेन्स आपल्याला नेमके दीड ते अडीच मीटरवर उभे करते, एवढीच तिची करामत आहे.

आपल्या कॅमेऱ्याचा सेन्सर आणि एक छोटे गणित

हे अंतर सेन्सरच्या आकारानुसार बदलते. फुल फ्रेम सेन्सरची लांब बाजू ३६ मिमी असते. निकॉन, सोनी आणि फुजीफिल्म यांच्या एपीएस-सी या लहान सेन्सरची सुमारे २३.५ मिमी, तर कॅननच्या एपीएस-सीची सुमारे २२.३ मिमी असते. त्यावरून दीड पट, १.६ पट असे क्रॉप फॅक्टर, म्हणजे फुल फ्रेमशी तुलनेचे आकडे, सांगितले जातात. मायक्रो फोर थर्ड्स या त्याहून लहान सेन्सरचा क्रॉप फॅक्टर दोन आहे. याचा व्यावहारिक अर्थ असा की, एपीएस-सीवर ५० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरील ७५ ते ८० मिमीच्या लेन्सएवढी चौकट देते. मायक्रो फोर थर्ड्सवर हेच काम ऑलिंपसची ४५ मिमी एफ/१.८ ही अवघ्या ११६ ग्रॅमची लेन्स करते. आपला कॅमेरा कोणत्या प्रकारचा आहे याची खात्री नसेल, तर ती आधी करून घ्यावी, कारण पुढचे सगळे आकडे त्यावर उभे आहेत.

आता गणित. कॅमेरा उभा धरला असता जेवढ्या उंचीचा भाग चौकटीत हवा, ती उंची मीटरमध्ये घ्यावी, तिला फोकल लेंग्थने गुणावे आणि सेन्सरच्या लांब बाजूने भागावे. येते ते साधारण किती मीटरवर उभे राहायचे याचे उत्तर. डोके आणि खांदे यांसाठी ०.६ मीटर, कंबरेपर्यंत १ मीटर आणि उभ्या पूर्ण माणसासाठी थोडी मोकळी जागा धरून २ मीटर असे माप धरावे. फुल फ्रेमवर ८५ मिमीने ही अंतरे अनुक्रमे १.४, २.४ आणि ४.७ मीटर येतात. ५० मिमीने ती ०.८, १.४ आणि २.८ मीटर, तर १३५ मिमीने २.३, ३.८ आणि ७.५ मीटर होतात.

खोली मोजून पाहावी

हे गणित कागदावर न ठेवता घरात आणावे. जुन्या घरातील १० फूट बाय १२ फुटांची बाहेरची खोली घेऊ. लांबी १२ फूट, म्हणजे साडेतीन मीटरहून थोडी अधिक. छायाचित्रकार भिंतीला पाठ टेकवून उभा राहिला, तरी त्याचे अंग आणि कॅमेरा मिळून अर्धा मीटर जातो. समोरची व्यक्ती मागच्या भिंतीपासून निदान एक मीटर पुढे असावी, नाहीतर सावली भिंतीवर पडते आणि भिंतीवरची दिनदर्शिका, स्विचबोर्ड, खुंटीवरची पिशवी असे सगळे चेहऱ्याइतकेच स्पष्ट येते. उरले सुमारे २.१ मीटर.

या २.१ मीटरमध्ये फुल फ्रेमवरील ८५ मिमी जेमतेम ९० सेंमी उंचीची चौकट देते. ओटीभरणाला बसलेल्या वहिनींचा चेहरा आणि हातातला नारळ येईल, पण नऊवारीत उभ्या असलेल्या आत्याबाईंचे पूर्ण छायाचित्र काही केल्या येणार नाही. ५० मिमी त्याच जागेतून दीड मीटरची, म्हणजे गुडघ्यापर्यंतची चौकट देते आणि ३५ मिमी पायांतल्या जोडव्यांपर्यंत सगळे घेते. एपीएस-सीवर ५० मिमीने सुमारे एक मीटर, ३५ मिमीने १.४ मीटर मिळते. ८५ मिमी मात्र साठ सेंमीच्या आत अडकते आणि घरात तिचा उपयोग जवळजवळ संपतो. एपीएस-सी कॅमेरा असणाऱ्यांनी ८५च्या नावलौकिकावर भुलून ती पहिली प्राइम म्हणून घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. एपीएस-सीवर ती सुमारे १२८ मिमीसारखी वागते.

कमाटीबागेत प्रश्न उलटा होतो. तिथे जागा भरपूर आहे, पण १३५ मिमीने पूर्ण उभे छायाचित्र काढायचे तर साडेसात मीटर मागे जावे लागते. इतक्या अंतरावरून सूचना ओरडून द्याव्या लागतात, आणि सुट्टीच्या दिवशी मधून फुगेवाले, मुले, फिरायला आलेली मंडळी जात राहतात. कॅमेऱ्यासमोर संकोचणाऱ्या माणसाला धीर द्यायचा तर आवाज न चढवता बोलता येईल एवढ्या अंतरावर असणे बरे. या कसोटीवर फुल फ्रेमवर ८५ मिमी आणि एपीएस-सीवर ५० किंवा ५६ मिमी उतरतात.

पैसे घालण्यापूर्वी किट लेन्सवर चाचणी

हातातली किट लेन्स या निवडीसाठी उत्तम मोजपट्टी आहे. आधी आपल्याला आवडलेली जुनी व्यक्तिचित्रे वेगळी काढावीत आणि प्रत्येक फाइलच्या तपशिलात फोकल लेंग्थचा जो आकडा नोंदलेला असतो तो पाहावा. बहुतेक आकडे ५५ला टेकलेले दिसले, तर हात लांब लेन्सकडे जातो आहे असे समजावे; ते ३० ते ३५च्या आसपास घुटमळत असतील, तर माणसाबरोबर त्याची जागाही दाखवण्याची आपली वृत्ती आहे. अर्थात घरातील छायाचित्रांत हा आकडा कधी कधी आवडीपेक्षा खोलीची लांबीच सांगत असतो, म्हणून घराबाहेरची छायाचित्रे निराळी तपासावीत.

त्यानंतर झूमची रिंग ३५वर फिरवून तिच्यावर चिकटपट्टी लावावी, आणि घरातला एखादा कार्यक्रम व बागेतली एखादी सकाळ तशीच टिपावी. मग पट्टी काढून ५०वर लावावी. या दोन्हींत आपण कुठे भिंतीला धडकलो, कुठे फार जवळ गेल्याने समोरची मावशी अवघडली, याची चार ओळींची नोंद ठेवावी. अ‍ॅपर्चर एफ/५.६ असल्याने पार्श्वभूमी धूसर होणार नाही, पण इथे तपासायची आहे ती चौकट आणि अंतर. ही चाचणी फुकट होते, आणि लेन्स घेऊन आठवड्यात विकायला काढणाऱ्या किती तरी जणांनी ती केलेली नसते.

कोणती फोकल लेंग्थ कोणाला

एपीएस-सी कॅमेरा आणि बेताचा खर्च असेल, तर ५० मिमी एफ/१.८ हे उत्तर बहुतेकांना लागू पडते. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम, निकॉनची एएफ-एस ५० मिमी एफ/१.८जी, सोनीची एपीएस-सीसाठी असलेली कंपनविरोधक ५० मिमी एफ/१.८ ओएसएस या सगळ्या हलक्या आहेत, आणि त्यांच्या किमतीच्या मानाने चित्राचा दर्जा चकित करणारा आहे. थोडा अधिक खर्च करता येत असेल आणि कॅमेरा मिररलेस (आत आरसा नसलेला) असेल, तर सिग्माची ५६ मिमी एफ/१.४ किंवा फुजीफिल्मवर एक्सएफ ५६ मिमी एफ/१.२ पाहावी. घरातलेच प्रसंग जास्त असतील, तर ३५ मिमीला पहिला मान द्यावा. निकॉनची डीएक्स ३५ मिमी एफ/१.८जी अनेक मराठी घरांतल्या बारशा-मुंजींना पुरून उरली आहे.

फुल फ्रेमवर ८५ मिमी एफ/१.८ वर्गातील लेन्सेस सर्वांत समतोल वाटतात. सोनीची एफई ८५ मिमी ३७१ ग्रॅमची, तर निकॉनची झेड ८५ मिमी ४७० ग्रॅमची आहे. दोन्ही दिवसभर गळ्यात वागवता येतात. कॅननची आरएफ ८५ मिमी एफ/२ सुमारे ५०० ग्रॅमची असून ती मॅक्रोही देते, म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या निम्म्या आकारापर्यंत उमटेल इतक्या जवळून टिपते, तर तिची एफ/१.२ बहीण ११९५ ग्रॅमची आहे आणि किमतीत कितीतरी पट पुढे आहे. १३५ मिमीने मिळणारी पार्श्वभूमी मोह पाडते हे खरे, पण ती दुसरी किंवा तिसरी प्राइम म्हणूनच घ्यावी.

३५ मिमीबद्दल मात्र थोडे थांबून सांगायला हवे, कारण ‘पोर्ट्रेट लेन्स’ म्हणून तिचे नाव कोणी सहसा घेत नाही. माणूस आणि त्याची जागा मिळून जे चित्र होते, त्यासाठी तिच्यासारखी लेन्स नाही. मांडवीच्या आसपास पितळी भांड्यांच्या ढिगात बसलेला दुकानदार, खंडेराव मार्केटमध्ये झेंडूच्या राशीमागची फुलवाली, देव्हाऱ्यासमोर वाती वळणाऱ्या आजी, यांच्यातून केवळ चेहरा कापून घेतला तर अर्धी गोष्ट बाहेर राहते. बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये शिकलेले आणि पुढे तिथेच शिकवलेले ज्योती भट्ट यांनी खेड्यापाड्यांतील भित्तिचित्रे, रांगोळ्या आणि ती काढणारी माणसे यांची कृष्णधवल छायाचित्रे दीर्घकाळ टिपली. माणसामागची भिंत पुसून न टाकता तिला बोलू देणे म्हणजे काय, हे त्या छायाचित्रांवरून शिकता येते. ३५ मिमी वापरताना एकच पथ्य पाळावे : चेहरा चौकटीच्या कोपऱ्यात नेऊ नये, आणि दीड मीटरच्या आत शिरू नये. कोपऱ्यातला चेहरा ताणला जातो.

अ‍ॅपर्चर : किती मोठे पुरे

खास व्यक्तिचित्रांसाठी आखलेली पहिली प्रसिद्ध लेन्स योझेफ पेट्झवाल यांनी १८४०मध्ये व्हिएन्नात तयार केली. तिचे मोठे अ‍ॅपर्चर पार्श्वभूमी धूसर करण्यासाठी नव्हते. समोर बसलेल्याला कमी वेळ स्तब्ध बसावे लागावे, यासाठी होते. आजही मोठ्या अ‍ॅपर्चरचा पहिला उपयोग प्रकाशासाठी आहे, हे ध्यानात ठेवले की निवड सोपी होते. एफ/५.६वरून एफ/१.८वर येताच सेन्सरवर जवळजवळ दहा पट प्रकाश पडतो. समईच्या किंवा खिडकीच्या उजेडात याचे मोल कळते. एफ/१.८ आणि एफ/१.४ यांत मात्र फरक केवळ दोन-तृतीयांश स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता) थोडा वाढवला की तो भरून निघतो. त्यासाठी दुप्पट पैसे मोजायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. छायाचित्रणावर पोट नसलेल्याने मोजू नयेत, असे माझे मत आहे.

शिवाय पूर्ण उघडे अ‍ॅपर्चर चेहऱ्यासाठी नेहमी वापरता येतेच असे नाही. फुल फ्रेमवर ८५ मिमी, दीड मीटर अंतर आणि एफ/१.८ असताना स्पष्ट भागाची एकूण खोली साडेतीन सेंमीच्या आत असते. चेहरा तिरका वळलेला असेल, तर एक डोळा स्पष्ट आणि दुसरा मऊ होतो, आणि नथ तर हमखास हातची जाते. एफ/२.८वर ही खोली सुमारे पाच सेंमी आणि एफ/४वर सुमारे सात सेंमी होते. एकट्या चेहऱ्याला एफ/२ ते एफ/२.८, आणि दोघांचे छायाचित्र असेल तर एफ/४ असा साधा संकेत ठेवल्यास फारसे काही बिघडत नाही.

पार्श्वभूमी किती विरघळेल याचा एक सोपा हिशेब आहे, आणि तो फारसा कोणी सांगत नाही. फोकल लेंग्थला अ‍ॅपर्चरच्या आकड्याने भागावे. ८५ला १.८ने भागले की ४७ मिमी येतात, ५०ला १.८ने भागले की २८ मिमी. फार दूरच्या एखाद्या दिव्याचा ठिपका चेहऱ्याच्या पातळीवर मोजला तर एवढ्या व्यासाच्या चकतीएवढा पसरतो. म्हणजे ८५ मिमीने तो चेहऱ्याच्या लांबीच्या पाचव्या हिश्श्याएवढा दिसेल. पण पार्श्वभूमी जवळ असेल तर ही चकती आक्रसते. व्यक्ती दोन मीटरवर आणि भिंत तिच्या मागे एकच मीटर असेल, तर ४७ मिमीतले जेमतेम १६ उरतात. मागची झाडी आठ मीटरवर गेली की ३८ होतात. लेन्स बदलण्यापेक्षा माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे बोलावल्याने अधिक फरक पडतो, तो यामुळे.

बडोद्याच्या वैशाखातल्या उन्हात आणखी एक अडचण येते. भर दुपारी आयएसओ १००वर एफ/१.८ला सुमारे १/८००० सेकंदाचा शटर लागतो आणि साध्या डीएसएलआरची (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याची) मजल १/४०००पर्यंतच असते. सावलीत जावे, एफ/२.८वर यावे किंवा प्रकाश कमी करणारा एनडी फिल्टर लावावा. पहिला उपाय चेहऱ्यालाही मानवतो.

फोकस : मोटर, किमान अंतर, डोळा

जुन्या बाजारात निकॉनची ५० मिमी एफ/१.८डी स्वस्तात मिळते आणि अनेकजण ती उचलतात. तिच्यात फोकसची मोटर नाही. डी३५०० किंवा डी५६००सारख्या कॅमेऱ्यांच्या शरीरातही नाही, त्यामुळे त्यांच्यावर ती हातानेच फोकस करावी लागते. अशा कॅमेऱ्यांसाठी नावात ‘एएफ-एस’ किंवा ‘एएफ-पी’ असलेलीच निकॉन लेन्स घ्यावी. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्सेस मात्र अ‍ॅडॉप्टर लावून आरएफ माउंटच्या (माउंट म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसवण्याची कडी) मिररलेस कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. सोनीच्या ई माउंटसाठी सिग्मा, टॅमरॉन, विल्ट्रॉक्स, सॅमयांग यांचे पर्याय मुबलक आहेत. कॅनन आरएफच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांसाठी सिग्मा आणि टॅमरॉन यांनी २०२४मध्ये लेन्सेस जाहीर केल्या, तेव्हापासून तिथेही निवडीला वाव झाला आहे.

किमान फोकस अंतराकडे सहसा दुर्लक्ष होते. बहुतेक ८५ मिमी लेन्सेस ८० ते ८५ सेंमीपेक्षा जवळ फोकस करत नाहीत आणि तेवढ्या जवळून मिळणारी सर्वांत लहान चौकट सुमारे २८ सेंमी उंच असते. चेहरा भरून येतो. पण नुसती नथ, बाळाची मूठ किंवा मेंदीचा तळवा चौकटभर हवा असेल, तर ती लेन्स पुरत नाही. कॅननची ५० मिमी एफ/१.८ एसटीएम ३५ सेंमीपर्यंत जाते. लग्नाघरची कामे घेणाऱ्याने हा तपशील पाहूनच निर्णय घ्यावा.

मिररलेस कॅमेऱ्यात डोळा ओळखून फोकस धरण्याची सोय असेल, तर ती सुरू ठेवावी आणि निश्चिंत व्हावे. डीएसएलआरवर मधल्या बिंदूने फोकस करून मग कॅमेरा वळवण्याची सवय मोठ्या अ‍ॅपर्चरला घातक ठरते, कारण तेवढ्या वळण्यात दोन-तीन सेंमीचा फरक सहज पडतो. डोळ्याच्या सर्वांत जवळचा बिंदू निवडावा, किंवा लाइव्ह व्ह्यू, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून फोकस करण्याची सोय, वापरावी.

गरबा, आभले आणि जांभळ्या कडा

लेन्सचा खरा स्वभाव बडोद्यात नवरात्रात उघडा पडतो. चणिया-चोळीवरच्या आभल्यांवर दिव्यांचा झोत पडला की, पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर अनेक लेन्सेस फोकसच्या पुढच्या चकाकीभोवती जांभळी आणि मागच्या चकाकीभोवती हिरवी कडा काढतात. स्वस्त ५० मिमीत हे अधिक दिसते, एफ/२.८पर्यंत आल्यावर ते बरेच निवळते. मागच्या दिव्यांचे गोळे चौकटीच्या मध्यभागी गोल आणि कडांना बदामासारखे दिसतात, तोही मोठ्या अ‍ॅपर्चरचाच परिणाम आहे. अ‍ॅपर्चर थोडे मिटल्यावर हे गोळे पात्यांच्या संख्येनुसार कोनदार होतात. सात गोलाकार पात्यांची लेन्स इथे पाच सरळ पात्यांच्या जुन्या लेन्सपेक्षा उजवी ठरते.

फिरत्या गरब्यात चेहरा गोठवायचा तर निदान १/२५० सेकंद लागतो. पण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्याने काही दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि वेगवान शटरला चित्रांत पट्टे किंवा कमी-जास्त उजेड येतो. मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या, पाणी पिणाऱ्या, ओढणी सावरणाऱ्या मंडळींचे छायाचित्र १/१००वर काढावे; ते अधिक चांगलेही येते.

दुकानात, आणि जुनी लेन्स घेताना

दुकानात स्वतःचा कॅमेरा आणि कार्ड घेऊन जावे. सोबतच्या माणसाला दीड-दोन मीटरवर उभे करून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर जवळच्या डोळ्यावर फोकस करावा; दर वेळी फोकस हलवून पुन्हा धरावा आणि अशी काही छायाचित्रे घ्यावीत. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिरक्या कोनातून एका ओळीवर फोकस करावा : स्पष्टता त्या ओळीऐवजी सतत पुढच्या किंवा मागच्या ओळींवर पडत असेल, तर लेन्स आणि डीएसएलआर यांचे जुळत नाही. काही कॅमेऱ्यांत हे दुरुस्त करण्याची सोय असते, साध्या मॉडेलांत बहुधा नसते. तेव्हा दुसरा नग मागावा. समोरच्या दुकानाची पाटी सरळ समोरून टिपून डावी आणि उजवी कड ताडून पाहावी. एक बाजू सतत मऊ येत असेल, तर आतली काच सरकलेली असण्याचा संभव असतो. छायाचित्रे कॅमेऱ्याच्या पडद्यावर न पाहता संगणकावर पूर्ण आकारात पाहावीत आणि मगच पैसे द्यावेत. बिलावर लेन्सचा अनुक्रमांक लिहून घ्यावा, आणि हमी भारतातली आहे की केवळ विक्रेत्याची, हे तोंडी न विचारता कागदावर पाहावे.

जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागच्या काचेतून तिरका मारून पुढून पाहावे. थोडी धूळ चालते. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर ती बुरशी असते. किंमत कितीही कमी केली तरी घेऊ नये. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेलाचा ओलसर डाग असेल तर ती वेळेवर मिटत नाहीत. पुढच्या काचेवरचा एखादा बारीक ओरखडा चित्रात दिसत नाही, मागच्या काचेवरचा दिसू शकतो.

पावसाळ्यात बडोद्याची हवा दमट होते, आणि चामड्याच्या किंवा कापडी पिशवीत बंद राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पाकिटे टाकून लेन्स त्यात ठेवावी, पाकिटांचा रंग बदलला की ती गरम करून वाळवावीत किंवा बदलावीत, आणि आर्द्रतामापक ठेवता आला तर आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखावा. श्रावणात कामे नसली, तरी आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून वापरावी.